अंधारात लिहिलेली पत्रे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज मला भीतीविषयी बोलायचे आहे, आणि श्रद्धेविषयीही. आपण हे दोन शब्द एकमेकांचे वैरी समजतो. ज्याची श्रद्धा पक्की त्याला भीती शिवत नाही आणि जो घाबरतो त्याची श्रद्धा कच्ची, असा आपला एक सरधोपट हिशेब असतो. घरात कुणाच्या तपासणीचा अहवाल यायचा असतो, मुलगा रात्री वेळेवर परतलेला नसतो, हातातली नोकरी डळमळू लागलेली असते. छातीत धडधड सुरू होते. आणि त्या धडधडीच्या पाठोपाठ दुसरी एक टोचणी येते : इतकी वर्षे देवाचे नाव घेतोस, मग आता घाबरतोस कसा? म्हणजे मूळ भीती एक आणि भीती वाटली याची शरम ही दुसरी. पुष्कळदा ही दुसरीच जास्त जड होते, कारण ती कुणाला सांगताही येत नाही.

ख्रिस्ती परंपरेत या दुसऱ्या ओझ्याविषयी फार जुना आणि बराच प्रामाणिक विचार झालेला आहे. तो सगळा सांगायला वेळ नाही आणि माझा तेवढा अधिकारही नाही. तुम्हा सर्वांना ठाऊक असलेल्या एका स्त्रीच्या आयुष्याच्या आधाराने त्यातला थोडा भाग सांगतो.

२००७ सालच्या सप्टेंबरात, मदर तेरेसा यांच्या निधनाला दहा वर्षे होत असताना, त्यांच्या खासगी पत्रांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. संपादक होते फादर ब्रायन कोलोडियेचुक. मदरना संतपद मिळावे यासाठी चर्चमध्ये जी लांबलचक चौकशी चालते, तिचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी जमवलेल्या कागदपत्रांत ही पत्रे होती. मदरनी ती आपल्या वरिष्ठांना आणि आध्यात्मिक मार्गदर्शक धर्मगुरूंना वेळोवेळी लिहिलेली होती.

पुस्तक वाचून जगभर लोक चक्रावले. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली, सुरकुतलेल्या चेहऱ्याची, हसतमुख म्हातारी आपल्याला माहीत होती. पत्रांतली बाई निराळीच निघाली. ती लिहीत होती, की आपल्या आत सारा अंधार आहे. प्रार्थनेचे शब्द ओठांवर येतात, पण पलीकडे कुणी ऐकत असल्याची जाणीव होत नाही. स्वर्ग हा शब्द पोकळ वाटतो. देव हवासा वाटतो, आणि तो आपल्याला नको म्हणतो आहे असे वाटते. चेहऱ्यावरच्या हसण्याखाली हे सगळे झाकून ठेवले आहे, असेही तिने लिहिले होते. हे काही एखाद्या वाईट आठवड्यातले मनोगत नव्हते. १९४९-५०च्या सुमारास सुरू झालेली ही अवस्था, मधला एक छोटा काळ सोडला, तर अखेरपर्यंत राहिली. जवळजवळ पन्नास वर्षे.

टीकाकारांनी लगेच निष्कर्ष काढला : बाईंचा देवावर विश्वासच उरला नव्हता, बाकीचे नाटक होते. काही भाविकांना एवढा धक्का बसला, की असली पत्रे छापायलाच नको होती असे ते म्हणू लागले. खरे सांगायचे तर ही पत्रे वाचताना संकोच मलाही वाटतो. ती नष्ट करावीत अशी विनंती मदरनी एकदा नव्हे, अनेकदा केली होती. आपल्याकडे लोकांचे लक्ष जाईल आणि येशूकडचे कमी होईल, अशी त्यांना धास्ती होती. ज्यांच्याकडे पत्रे होती त्यांनी ती जपून ठेवली. त्यांनी बरे केले की वाईट, हा प्रश्न माझ्या मनात अजून सुटलेला नाही. पण आता पत्रे समोर आहेत, तर ती नीट वाचायला हवीत.

नीट वाचायची तर सुरुवात अंधाराच्या आधीपासून करावी लागते.

मदर जन्माने अल्बेनियन. १९१०मध्ये स्कोप्ये या गावी जन्म, वडील लहानपणीच गेलेले. अठराव्या वर्षी घर सोडून त्या आयर्लंडमध्ये लोरेटो संघाच्या धर्मभगिनींत दाखल झाल्या आणि १९२९च्या जानेवारीत कोलकात्याला पोहोचल्या. पुढची बरीच वर्षे एंटाली भागातल्या शाळेत शिकवणे हे त्यांचे काम. त्या तिथे सुखात होत्या, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९४२मध्ये त्यांनी गुपचूप एक व्रत घेतले : देव जे मागेल त्याला नकार द्यायचा नाही.

१० सप्टेंबर १९४६. दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना आतून हाक आल्यासारखे झाले : लोरेटो सोड, गरिबांतल्या गरिबांत जाऊन राहा. पुढचे काही महिने ही हाक फार स्पष्ट ऐकू येत राहिली. १९४७च्या जानेवारीत त्यांनी आर्चबिशप फेर्दिनान पेरिए यांना पत्र लिहून हे सारे कळवले. या पत्राकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. कारण त्यात दैवी हाकेच्या बरोबरीने भीतीची यादी आहे. सुखाची जागा सोडायची भीती. एकटे पडण्याची भीती. लोक हसतील ही भीती. आणि सामान्य भारतीयांसारखे राहायचे, खायचे, झोपायचे याची भीती. होय, आपल्यासारखे जेवण्या-झोपण्याची त्या युरोपियन बाईंना धास्ती वाटत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. हे माझ्यावरून टळो, अशी प्रार्थना आपण केली, हेही त्यांनी सांगून टाकले.

ख्रिस्ती माणसाला हे वाक्य ओळखीचे वाटते. येशूला पकडले त्या रात्रीची गोष्ट आठवा. शिष्यांबरोबर शेवटचे भोजन झाले आहे. तो गेथशेमाने नावाच्या बागेत जातो, तिघांना जवळ थांबायला सांगतो आणि थोडे पुढे जाऊन जमिनीवर पालथा पडतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला दिसते आहे, आणि दुःखाचा हा प्याला दूर व्हावा असे तो बापाजवळ मागतो. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या घामाचे वर्णन रक्ताच्या थेंबांसारखे, असे आहे. मग तो म्हणतो, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. परत येतो तर तिघेही झोपलेले. मत्तय आणि मार्क या दोघांच्या सांगण्यानुसार क्रूसावरचे त्याचे अखेरचे बोलणेही प्रश्नच आहे, देवाने आपल्याला का सोडले, असा. जुन्या करारातल्या एका स्तोत्राची ती सुरुवात.

नवा करार लिहिणाऱ्यांना आपला गुरू शूर, निर्विकार दाखवणे अवघड नव्हते. त्या काळच्या ग्रीक आणि रोमन जगात मरणाला हसत सामोरे जाणाऱ्या शहाण्यांच्या कथा होत्याच. सॉक्रेटिस विषाचा पेला कसा शांतपणे प्यायला, हे सुशिक्षितांना पाठ होते. तरी या मंडळींनी घामाने निथळणारा, भ्यालेला येशू तसाच ठेवला. ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी गाभ्यात एक घाबरलेला माणूस आहे, आणि त्याने आपली भीती बोलून दाखवली आहे. मला वाटते, पुढच्या दोन हजार वर्षांत ज्यांच्यावर काळोख कोसळला, त्यांना या बागेने शरमेपासून वाचवले.

असो. मदरना परवानगी मिळायला बराच काळ गेला. आर्चबिशप पेरिए घाई करणारे गृहस्थ नव्हते, आणि रोमहून मंजुरी यायला १९४८ उजाडले. त्या वर्षीच्या १७ ऑगस्टला मदर साडी नेसून लोरेटोतून बाहेर पडल्या. जवळ पाच रुपये होते. पाटण्याला जाऊन शुश्रूषेचे जुजबी शिक्षण घेतले आणि डिसेंबरात मोतीझील झोपडपट्टीत काम सुरू केले. फळा नव्हता, म्हणून जमिनीवर काठीने अक्षरे गिरवून मुलांना शिकवायचे.

त्या दिवसांतल्या त्यांच्या टिपणांत एक प्रसंग आहे. राहायला जागा शोधत त्या दिवसभर वणवण चालल्या. हातपाय भरून आले. मनात आले, की डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या गरिबांचे अंग रोज असेच ठणकत असणार. आणि त्याच क्षणी लोरेटोतले सारे सुख डोळ्यांपुढे उभे राहिले. परतायला एक शब्द पुरला असता. कुणी नावे ठेवली नसती. त्या रडल्या आणि परत गेल्या नाहीत.

पुढे हळूहळू सारे जमत गेले. क्रीक लेनमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने वरचा मजला दिला, जुन्या विद्यार्थिनी येऊन मिळाल्या, १९५०च्या ऑक्टोबरात संघाला मान्यता मिळाली, १९५२मध्ये कालीघाटाच्या मंदिराशेजारी मरणासन्न माणसांसाठी निर्मल हृदय सुरू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, देव हिच्या पाठीशी उभा आहे.

आणि नेमका याच काळात आतला आवाज बंद झाला. १९५३मध्ये त्यांनी आर्चबिशपना कळवले, की काम सुरू केल्यापासून माझ्यात भयंकर अंधार आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. ज्या हाकेसाठी सर्व सोडले, ती हाक मारणाराच निघून गेला होता. देवाची परीक्षा म्हणजे काय, याची आपल्या मनात ठरावीक चित्रे असतात, रोगराई, दारिद्र्य, छळ. ही परीक्षा त्यांतली नव्हती. हात कामात आहेत, माणसे येत आहेत, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तोच दिसत नाही.

आपण मराठी माणसांना ही तगमग अगदीच परकी नाही. इंद्रायणीकाठी अन्नपाणी सोडून धरणे धरून बसलेल्या तुकोबांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देव भेटत नाही म्हणून त्याच्याशी भांडणारे, त्याला खडसावणारे संत आपल्याकडे आहेत. त्यांच्या भांडणाने कुणाची श्रद्धा डळमळली असे ऐकिवात नाही. मदरच्या पत्रांनी मात्र लोक हादरले. मदर सार्वजनिक बोलण्यात भांडल्या नाहीत, हसल्या, हे कदाचित त्याचे कारण असेल.

अशा वेळी काय करायचे? इथे मला सुमारे पाचशे वर्षे मागे, स्पेनमध्ये जावे लागेल. लोरेटोच्या भगिनींची साधना ज्या माणसाच्या पद्धतीने चालते, तो माणूस तिथला. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला. हा मूळचा सैनिक. १५२१मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्यापडल्या आयुष्य पालटले, आणि पुढच्या वर्षी तो मान्रेसा या गावी तपश्चर्येला बसला. तिथे त्याला एका विचित्र भयाने ग्रासले. आपली सारी पापे कबूल झाली का? एखादे राहिले तर नाही? पुनःपुन्हा धर्मगुरूकडे जाऊन पापे सांगायची, परत येऊन पुन्हा तीच शंका. जीव इतका मेटाकुटीला आला, की खोलीतल्या एका भगदाडातून उडी टाकून सगळे संपवावे असे मनात येऊ लागले. पुढे एका मोठ्या संघाचा प्रमुख झाल्यावरही ही हकीकत त्याने दडवली नाही, स्वतः सांगून लिहून घ्यायला लावली.

या अनुभवातून इग्नेशियसने काही नियम बांधले. त्यांतले दोन मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा : मन उजाड झालेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उजेडात जे ठरवले, त्याला अंधारात धरून राहायचे. अंधारात आपल्याला नवीन काही दिसत नसते, फक्त आधीचे दिसेनासे होते. हा नियम केवळ धार्मिकांसाठी नाही. रात्री दोन वाजता राजीनाम्याचे पत्र लिहू नये, हे आपल्या आजीलाही ठाऊक असते. तिने तोफेचा गोळा खाल्लेला नसतो एवढेच.

दुसरा नियम भीतीच्या गुप्ततेविषयी आहे. मनातला शत्रू हा भोळ्या मुलीला फसवणाऱ्या लबाड प्रियकरासारखा असतो, असे इग्नेशियसचे म्हणणे. आपले बोलणे तिने घरी सांगू नये अशी त्याची सारी धडपड. तिने बापाला सांगितले की त्याचा डाव संपला. म्हणून जे भय सतावते आहे ते एखाद्या जाणत्या माणसापुढे बोलून टाकायचे.

मदरनी हे दोन्ही नियम पाळलेले दिसतात. १९४६ साली उजेडात जे ठरले, ते त्यांनी अंधारात सोडले नाही. आणि आपल्या भगिनींपासून जे लपवले, ते चार-पाच धर्मगुरूंपाशी पुन्हा पुन्हा लिहून मोकळे केले. पण अंधार काही हटला नाही. १९५८च्या ऑक्टोबरात पोप बारावे पायस वारले. त्यांच्यासाठी झालेल्या मिस्साच्या वेळी मदरना अचानक आतून मोकळे वाटले, तो जवळ आहे असे वाटले. सुमारे महिनाभर. मग पुन्हा तेच.

आता या कथेत आपल्या पुण्याच्या एका रहिवाशाचा प्रवेश होतो. फादर योसेफ नॉयनर. जन्माने ऑस्ट्रियन, येशूसंघी, १९३८मध्ये भारतात आलेले. पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षे ईश्वरशास्त्र शिकवले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत ते तज्ज्ञ सल्लागार होते. २००९च्या डिसेंबरात, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. मदरचे हे पत्रांचे पुस्तक निघाले तेव्हा ते हयात होते.

१९६१मध्ये कोलकात्यात मदरच्या भगिनींसाठी प्रार्थनेचे एकांत-शिबिर झाले, ते फादर नॉयनरनी घेतले. तेव्हा मदर त्यांच्याशी बोलल्या आणि मग आपली अवस्था कागदावर लिहून दिली. त्यावर त्यांनी काय सांगितले, हे नॉयनरनीच पुढे नोंदवले आहे. तीन गोष्टी सांगितल्या. एक, या अंधारावर माणसाच्या हाती असलेला काही उपाय नाही, म्हणून त्यात तुमचा दोषही नाही. दोन, येशू जवळ असल्याची भावना हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. तुम्हाला त्याची जी ओढ लागली आहे, तीच तो तुमच्या आयुष्यात असल्याची खूण आहे. आणि तीन, हा अंधार तुमच्या कामाचाच भाग आहे. ज्यांना कुणी आपले म्हणत नाही त्यांच्यात तुम्ही राहता, तर टाकून दिल्याचा त्यांचा अनुभव तुमच्याही वाट्याला आला आहे, आणि तो येशूच्याही वाट्याला आला होता.

मदरनी उत्तरादाखल लिहिले, की अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला हा अंधार आवडू लागला आहे.

या तीन गोष्टींवर मी पुष्कळ विचार केला आहे. तिसरी गोष्ट ख्रिस्ती माणसाला जेवढी भिडेल तेवढी इतरांना भिडेलच असे नाही. ते श्रद्धेच्या आतले बोलणे आहे, बाहेरून त्याची परीक्षा घेता येत नाही. दुसरी गोष्ट कुणालाही कळेल अशी आहे. तहान लागते याचा अर्थ पाणी प्यायलेले आहे, त्याची चव माहीत आहे. ज्याला देवाचे काहीच वाटत नाही, तो देव नाही म्हणून रात्र-रात्र तळमळत नाही, तो झोपतो. टीकाकारांनी मदरच्या पत्रांतला नकार वाचला, पण त्या नकाराखालची तळमळ वाचली नाही असे मला वाटते. अर्थात त्यांची बाकीची टीका, मदरच्या संस्थांतल्या औषधोपचारांवरची, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मोकळेपणी बोलले गेलेच पाहिजे. संतपद मिळाले म्हणून कुणी प्रश्नांच्या पलीकडे जात नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिली, अगदी साधी गोष्ट : तुमचा दोष नाही. मदर अकरा वर्षे स्वतःलाच तपासत होत्या, आपले कुठे चुकले, कोणते पाप आड आले. नॉयनरनी अंधार दूर केला नाही. ते त्यांच्या हातात नव्हते. त्यांनी अंधाराची शरम काढून घेतली. सुरुवातीला मी ज्या दुसऱ्या ओझ्याविषयी बोललो, ते हेच.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर गैरसमज होईल. मनाला आलेली प्रत्येक मरगळ म्हणजे आध्यात्मिक परीक्षा नव्हे. हे मी आधुनिक माणूस म्हणून सांगत नाही, सोळाव्या शतकातल्या योहान ऑफ द क्रॉस या कार्मेलाइट साधूच्या आधाराने सांगतो. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीवर त्याच्याइतके खोलात जाऊन कुणी लिहिले नसेल, आणि ते लिहिण्याचा अधिकार त्याने मिळवला होता. मठांत सुधारणा करू पाहतो म्हणून १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच पंथाच्या लोकांनी त्याला पकडून तोलेदोच्या मठात एका अंधाऱ्या कोठडीत डांबले, फटके मारले. जवळजवळ नऊ महिन्यांनी तो एका रात्री तिथून पळाला. त्या कोठडीत त्याने रचलेल्या कविता स्पॅनिश भाषेचे वैभव समजल्या जातात.

हा योहान विचारतो, की ही रात्र खरी आहे की माणसाला केवळ उदासीनतेचा विकार झाला आहे, हे ओळखायचे कसे? त्याच्या काळात वैद्यांनी त्या विकाराला नाव दिलेले होते. तो खुणा सांगतो. प्रार्थनेत गोडी उरत नाही, पण दुसऱ्या कशातही ती सापडत नाही. तरीही मन सारखे देवाकडे वळत असते, आपण त्याच्या सेवेत कमी पडतो याची काळजी त्याला लागलेली असते. आणि पूर्वीसारखे ध्यान-चिंतन कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. केवळ विकार असेल तर ती ओढच नसते, सगळ्याचाच वीट असतो. दोन्ही एकत्र असू शकतात, हेही तो मान्य करतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या साधूला जो भेद कळत होता, तो आपण विसरतो आणि झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या माणसाला प्रवचन ऐकवतो. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवे असते. तसे नेण्यात श्रद्धेचा कसलाही अपमान नाही.

मदरनी संघात दाखल झाल्यावर तेरेसा हे नाव घेतले ते फ्रान्समधल्या लिझिओ गावच्या तेरेझच्या नावावरून. लोक या तेरेझला लहानगी फुलासारखी संत म्हणून ओळखतात. तिच्या हाती गुलाब असलेली चित्रे मुंबईपासून वसईपर्यंत पुष्कळ घरांत दिसतील. पंधराव्या वर्षी ती कार्मेलाइट मठात गेली. १८९६मध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिच्या तोंडातून रक्त आले. क्षय होता. तिला आनंदच झाला, की आता आपण लवकर देवाकडे जाणार. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ईस्टरच्या ऐन सणात, तो स्वर्गच तिच्या मनातून नाहीसा झाला. आकाशापर्यंत भिंत उभी राहिली आहे असे तिने लिहिले. मेल्यानंतर काहीही नाही, आणखी गडद रात्र तेवढी आहे, असे अंधारच आपल्याला खिजवून सांगतो आहे, असे तिला वाटे. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात तो श्रद्धेचा मंत्र, तिने स्वतःच्या रक्ताने लिहिला आणि छातीशी बाळगला. दुखणे असह्य झाले तेव्हा तिने मठातल्या भगिनींना सांगितले, की श्रद्धा नसती तर मी केव्हाच जीव दिला असता. ३० सप्टेंबर १८९७ला ती गेली. वय अवघे चोवीस.

तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात तिचे आत्मचरित्र छापले गेले, ते तिच्या सख्ख्या बहिणीने, जी त्याच मठात होती, बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी प्रसिद्ध व्हायला १९५६ उजाडले. बहिणीचा हेतू वाईट नव्हता. आपल्या माणसाचा गालबोट नसलेला फोटोच भिंतीवर लावावा असे कुणालाही वाटते. पण हात फिरवल्याने जी तेरेझ थोडी गुळगुळीत झाली, तिच्यापेक्षा भिंतीला डोके टेकून बसलेली तेरेझ घाबरलेल्या माणसाच्या जास्त कामाची आहे.

मदरचा अंधार तेरेझसारखा दीड वर्षाचा नव्हता. १९७९च्या डिसेंबरात त्या नोबेल पुरस्कार घ्यायला ऑस्लोला गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी एका धर्मगुरूला लिहिले होते, की येशूचे तुमच्यावर विशेष प्रेम आहे, पण माझ्यापुरते म्हणाल तर एवढी शांतता आणि एवढी पोकळी आहे, की पाहावे तर दिसत नाही आणि ऐकावे तर ऐकू येत नाही. म्हणजे नॉयनरना भेटून अठरा वर्षे झाली तरी बाहेर आणि आत यांत हे अंतर होतेच. अंधार आवडू लागला असे लिहिले तरी तो बोचायचा थांबला असे नव्हे. ही कथा कुणी सुखान्त करून सांगू लागला, तर त्याला ही तारीख दाखवावी.

कोलकात्याच्या मदर हाऊसमधले प्रार्थनागृह अगदी साधे आहे. मोठी खोली, जमिनीवर अंथरलेली चटई, समोर क्रूस आणि त्याच्या शेजारी भिंतीवर येशूचे तहानेचे शब्द. ते त्यांच्या संघाच्या प्रत्येक प्रार्थनागृहात असतात. खिडक्यांतून मोठ्या रस्त्यावरचा गोंगाट आत येतो. मदर मागे, भिंतीलगत बसत. आता त्या जागी त्यांचा पुतळा आहे. पहाटे पाचच्याही आधी उठून भगिनी तिथे जमत तेव्हा त्या आलेल्या असत. नवीन आलेल्या मुली त्यांच्याकडे चोरून बघत आणि त्यांना वाटे, मदर आता देवाशी बोलत असतील. मदरना मात्र पलीकडून काही ऐकू येत नसे. वेळ संपली की त्या उठत, चहा-पोळी घेत आणि इतरांबरोबर दिवसाच्या कामाला लागत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच जागी येऊन बसत.